सरकारी मालकीचा जुना वाडा : पाडायचा, कुलूप लावायचं की वापरायचा?

गावात एक जुनी इमारत असते. कधीकाळी तिथे कुणी मोठा माणूस राहायचा, नंतर शाळा भरली, मग दवाखाना आला, मग एखादं कार्यालय. कार्यालय नव्या इमारतीत गेलं आणि दाराला कुलूप लागलं. दोन-चार पावसाळ्यांत छत गळायला लागतं, भिंतीत पिंपळ उगवतो. मग एक दिवस दारावर 'धोकादायक इमारत' अशी पाटी लागते. पुढची चर्चा एवढीच उरते, की पाडून इथे गाळे काढायचे का?

हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्यापासून पुण्यापर्यंत हा प्रश्न सारखाच आहे. इमारत ग्रामपंचायतीची, नगरपरिषदेची किंवा महापालिकेची, म्हणजे पर्यायाने तुमची-आमचीच असते. तिचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्कही लोकांचाच आहे. पण ठरवायचं कसं? याचं उत्तर शोधायला आधी पुण्यातल्या एका वाड्याची गोष्ट बघू, कारण तो जवळपास दोनशे वर्षं हेच उत्तर देतोय.

विश्रामबागवाड्याचं काय झालं?

पुण्यात तुळशीबागेत खरेदीला गेलात तर बाजीराव रस्त्यावर एक लाकडी वाडा दिसतो. दारावर कोरीवकाम केलेली मेघडंबरी, आत सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब. हा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधून घेतला. खर्च आला दोन लाख रुपयांच्या आसपास. शनिवारवाड्यापेक्षा बाजीरावांना इथे राहणं जास्त आवडायचं.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि वाड्याचा मालक गेला. अशा वेळी बहुतेक वाड्यांची पडझड सुरू होते. इथे मात्र इंग्रज सरकारने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी संस्कृत पाठशाळा सुरू केली. पेशव्यांच्या काळात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा दिली जायची, तिच्यातलाच काही पैसा या पाठशाळेसाठी वळवला होता. हीच पाठशाळा पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाली. १८६८ मध्ये कॉलेज येरवड्याच्या नव्या इमारतीत गेलं.

कॉलेज गेलं तरी वाडा रिकामा पडला नाही, सरकारी हायस्कूल तिथे होतं. १८७९ मध्ये वाड्याला आग लावण्यात आली आणि पूर्वेकडचा भाग जळाला. त्याच आगीत पेशव्यांचा बुधवारवाडा गेला तो कायमचाच. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग मात्र लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. विसाव्या शतकात वाडा नगरपालिकेकडे आला आणि शहराचा कारभारही काही काळ इथूनच चालला. १९५० मध्ये पुणे महानगरपालिका झाली, पुढे तिचं मुख्य कार्यालय शिवाजीनगरच्या इमारतीत गेलं. त्यानंतरही वाड्यात टपाल कार्यालय होतं, शासकीय विभागीय ग्रंथालय होतं. महापालिकेने वाड्याची दुरुस्ती करून पुण्याच्या इतिहासावरचं 'पुनवडी ते पुण्यपत्तन' हे प्रदर्शनही तिथे मांडलं.

म्हणजे राजवाडा, पाठशाळा, हायस्कूल, नगरपालिका, टपाल कार्यालय, ग्रंथालय आणि प्रदर्शन. एवढे भाडेकरू बदलले, पण वाड्यात रोज कुणीतरी येत राहिलं. कौल सरकला तर तो लगेच कुणाच्या तरी डोक्यावर गळायचा, आणि डोक्यावर गळलं की तक्रार होते. बंद घरात गळतं तेव्हा तक्रार करायला कुणी नसतं. जुनी इमारत टिकते ती रोजच्या वापराने, आणि या गोष्टीचं सार तेच आहे.

मग वापर कुणासाठी?

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेत सुरुवातीला फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांना प्रवेश होता. इमारत सरकारी, पैसा सार्वजनिक, पण दार सगळ्यांना उघडं नव्हतं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली.

पण भिडेवाडा खासगी मालकीचा राहिला. तिथे दुकानं होती, भाडेकरू होते, कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली आणि इमारत खचत गेली. शेवटी न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडण्यात आली, कारण तोवर वाचवण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. आता तिथे स्मारकाची योजना आहे. स्मारक होईलही, पण ज्या भिंतींमध्ये मुली पहिल्यांदा शिकल्या त्या भिंती परत येणार नाहीत.

दोन्ही वाड्यांकडून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. इमारत सार्वजनिक मालकीची असेल तर ती वाचवायची संधी हातात असते. आणि नवा वापर ठरवताना पहिला प्रश्न 'काय करायचं' हा नसून 'कुणासाठी करायचं' हा असायला हवा.

संग्रहालय हेच एक उत्तर आहे का?

जुनी वास्तू म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात संग्रहालय किंवा स्मारक येतं. मोठ्या शहरात ते चालूही शकतं. मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेच्या मालकीचं. १८७२ मध्ये उघडलेली ही इमारत पुढे मोडकळीला आली होती. महापालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार करून तिचा जीर्णोद्धार केला आणि २००८ मध्ये ती पुन्हा खुली झाली. त्याआधीच २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

पण गावात संग्रहालय काढलं तर पहिल्या महिन्यात सगळं गाव बघून येतं. दुसऱ्या महिन्यात पाहुणे आले तर त्यांना दाखवतो. तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा कुलूप. जयंती-पुण्यतिथीला हार घालण्यापुरतं उघडणारं दार इमारत वाचवू शकत नाही.

त्यापेक्षा एक खोली इतिहासाला आणि बाकीचं घर रोजच्या कामाला, अशी वाटणी जास्त टिकते. रोजची कामं कोणती, तर ज्यांना गावात जागाच मिळत नाही अशी. स्पर्धा परीक्षा आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरा-पोरींसाठी अभ्यासिका, सार्वजनिक वाचनालय, बचत गटांच्या बैठका, ज्येष्ठांची सकाळची बैठक, आठवड्यातून एकदा आरोग्य तपासणी, संध्याकाळी भजनी मंडळ. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहत असतील, तर बारावीच्या मुलीला अभ्यासाला शांत कोपरा मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

आधी कोणती माहिती काढायची?

मालकी : इमारत नक्की कुणाची? ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची, महसूल विभागाची की सार्वजनिक बांधकाम विभागाची? गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि जागेचा सातबारा, शहरात मालमत्ता पत्रक बघा. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो, त्याचं उत्तर साधारणपणे ३० दिवसांत द्यावं लागतं. अनेक इमारतींचं घोडं इथेच अडतं. वापर एकाचा आणि नोंद दुसऱ्याची असते.

संरक्षण : इमारत केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित स्मारक आहे का? असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय दुरुस्तीसुद्धा करता येत नाही. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला मनाई असते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वारसा यादी आणि तिच्यातल्या श्रेणीही असतात. गावोगावच्या बहुतेक जुन्या घरांना मात्र यातलं कुठलंच कवच नसतं. तिथे निर्णय स्थानिक संस्थेच्या हातात असतो, म्हणून लोकांचं म्हणणं जास्त महत्त्वाचं ठरतं.

तब्येत : 'धोकादायक' हा शब्द नुसत्या डोळ्यांनी बघून ठरत नाही. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायला हवं. पुष्कळदा एक कोपरा खचलेला असतो आणि बाकीचं घर ठणठणीत असतं. मात्र भाग खरोखरच धोक्याचा असेल, तर तो रिकामा करून टेकू द्यायला एक दिवसही उशीर करू नये.

दुरुस्ती कशी करायची?

पहिलं काम छताचं. मराठवाड्यातल्या जुन्या घरांवर धाबं असतं, म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दर वर्षी पावसाळ्याआधी माती टाकून ते नीट केलं तर पिढ्यानपिढ्या टिकतं. दोन वर्षं दुर्लक्ष झालं की पाणी मुरतं, तुळया कुजतात आणि मग आख्खं छत खाली येतं.

दुसरी काळजी सिमेंटची. दगड, पांढरी माती, वीट आणि चुन्याच्या भिंती ओल शोषतात आणि बाहेर सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच अडकते, गिलावा फुगतो आणि मागची भिंत भुसभुशीत होते. पक्कं काम म्हणून केलेला खर्च असा उलटतो. चुन्याचं काम चुन्यानेच करावं.

तिसरी गोष्ट, वापर घराला मानवेल असा हवा. पुस्तकांची कपाटं फार जड असतात, ती माडीवर न ठेवता तळमजल्यावर ठेवावीत. लाकडी घरात स्वयंपाकघर नको, आणि जुनी वायरिंग बदलल्याशिवाय पंखे-दिवे वाढवू नयेत. स्वच्छतागृह जुन्या भिंतीला चिकटून न बांधता थोडं अंतर ठेवून मागच्या बाजूला बांधावं. व्हीलचेअरसाठी उतार करायचा तर जोतं न फोडता, पुढे काढता येईल असा करावा.

शेजाऱ्यांना आणि परवानगीला विसरलं तर?

याचं उदाहरण थेट लंडनचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिक्षणासाठी लंडनमध्ये ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोडचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला स्मारक म्हणून त्याचं उद्घाटन झालं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायचं तर तिथल्या नियोजन कायद्यानुसार वापरबदलाची परवानगी लागते. काही शेजाऱ्यांनी गर्दी आणि गोंगाटाची तक्रार केली, कॅम्डेनच्या स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली आणि प्रकरण अपिलात गेलं. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने मंजुरी दिली तेव्हा कुठे स्मारक वाचलं.

आपल्याकडेही हेच लागू पडतं. ग्रामसभेत किंवा सर्वसाधारण सभेत ठराव, वापरबदलाची परवानगी आणि लेखी करार या तिन्ही गोष्टी हव्यात. सार्वजनिक मालमत्ता संस्थेला द्यायची तर भाडं आणि मुदत यांना कायद्याची बंधनं असतात. सरपंचांनी किंवा नगराध्यक्षांनी तोंडी दिलेला शब्द पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतो.

पैसा कुठून येणार?

दुरुस्तीसाठी एकदा निधी मिळतो. आमदार निधी, जिल्हा नियोजन, कंपन्यांचा सामाजिक निधी, लोकवर्गणी असे मार्ग असतात. खरी अडचण नंतर येते. वीजबिल कोण भरणार? झाडलोट कोण करणार? किल्ली कुणाकडे असणार? म्हणून फीत कापायच्या आधीच महिन्याचा खर्च कागदावर मांडावा आणि तो भागवायला एखाद-दुसरी खोली भाड्याने द्यावी. करारात छताची वार्षिक डागडुजी कुणी करायची हे स्पष्ट लिहावं.

घाई नसेल तर सहा महिने प्रयोगही करता येतो. घरातला सगळ्यात मजबूत भाग साफ करून, ऑडिट करून फक्त तेवढाच उघडायचा. अभ्यासिकेत मुलं येतात का, बचत गट बसतात का, किल्ली सांभाळणारं कुणी मिळतं का, हे बघायचं. लोक आले तर पुढच्या दुरुस्तीसाठी निधी मागताना तेच सगळ्यात मोठं कारण ठरतं, कारण वापरात असलेली जागा पाडायला निघालं की विचारणारी माणसं असतात.

तुमच्या गावात काय?

तुमच्या गावात, वॉर्डात अशी एखादी बंद सरकारी इमारत असेल तर तिचा फोटो काढून स्टेटसला ठेवणं ही चांगली सुरुवात आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला लेखी तीन प्रश्न विचारा : ही इमारत कुणाच्या नावावर आहे, शेवटचं ऑडिट कधी झालं, आणि हिची किल्ली कुणाकडे आहे? हे प्रश्न पावसाळ्याआधी विचारलेले बरे.