विहीर, कारंजे आणि हिवताप

मुंबईच्या कोटात काय किंवा गिरगावात काय, घराच्या आवारात स्वतःची विहीर असणे हे एके काळी सुखवस्तूपणाचे लक्षण होते. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, तरी या विहिरी राहिल्याच. त्यांचे पाणी नितळ असे. त्यापासून घरातल्या मुलाबाळांस अपाय होईल, ही शंका कोणाच्या मनास शिवण्याचे कारण नव्हते. हिवताप हा दलदलीच्या कुंद हवेचा विकार होय, असाच तेव्हा सार्वत्रिक समज होता.

१८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात पाहिले आणि हा समज ढासळला. पुढे मुंबईतील तापाची चौकशी डॉ. बेंटली यांनी केली. त्यांच्या १९११ च्या अहवालाने बोट दाखविले ते गटारांकडे नव्हे, तर घरच्या विहिरींकडे! या शहरात हिवताप पसरविणाऱ्या अॅनॉफिलीस स्टेफेन्सी जातीच्या डासास स्वच्छ, निवांत पाणी मानवते. मग ते विहिरीतले असो, टाकीतले असो, वा बागेतल्या बंद पडलेल्या कारंजाच्या हौदातले.

विहिरी बुजवा, नाही तर झाका, असा नगरपालिकेने तगादा लावला. त्याबरोबर विरोध उभा राहिला. कित्येक विहिरींत देवतेचा वास मानला जाई. पारशी समाजास तर धर्मकृत्यांसाठी विहिरीचे पाणी लागे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा खचित नव्हता. नगरपालिकेच्या सेवेतील रुस्तम मसानी यांनी त्याच्या मुळाशी जाऊन जलपूजेच्या लोकसमजुतींवर १९१८ साली इंग्रजीत एक ग्रंथच लिहिला. काही विहिरींपुरती तडजोडही निघाली: झाकणास बारीक तारेच्या जाळीचे दार बसवावयाचे, म्हणजे विहिरीचे तोंड अगदीच बंद होत नाही आणि डासही आत शिरत नाही.

बागेतल्या कमळाच्या हौदास मात्र जाळी शोभत नाही. तेथे मासे उपयोगी पडले. १९२८ साली गॅम्बुझिया हिंदुस्थानात आणले गेले. गप्पी मासे तर आजही नगरपालिका वाटतात. परंतु मासे सोडले म्हणजे काम संपले, असे नव्हे. काठाशी शेवाळ व पाने दाटली, की डासांच्या अळ्या त्यांत दडतात आणि माशांस सापडत नाहीत. म्हणून ती वरचेवर काढावी लागतात. मासे नसलेला लहान हौद आठवड्यातून एकदा रिता करून त्याच्या भिंती घासाव्या लागतात. नुसते पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीस चिकटून कोरडीच महिनोन्महिने टिकतात आणि पाणी भरताच फुटतात.