त त प प

"त त प प काय करतोयस? नीट बोल की!"

ठाकूरद्वारच्या चाळीत वाढलेल्या प्रत्येक पोराने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. मी जरा जास्तच ऐकलंय, कारण मी तोतरा आहे. लिहिताना अडखळायला होत नाही, म्हणून तर लिहितो :-)

मंडळी, अडखळत्या बोलण्यासाठी आपल्याकडे शब्द किती आहेत बघा. तोतरा, चाचरा, बोबडा, गद्गद. (बोबडा खरं तर वेगळा, तो 'र'चा 'ल' करतो. तोतऱ्याला 'र' येतो, फक्त वेळेवर येत नाही.) गंमत म्हणजे सगळ्यांत आवाज पुन्हा येतो: त-त, च-च, ब-ब, ग-द-ग-द. शब्द स्वतःच अडखळतो. लॅटिनमध्ये तोतऱ्याला बाल्बुस म्हणत. ग्रीकांना परक्यांचं बोलणं नुसतं बर-बर ऐकू आलं, म्हणून ते बार्बारोस. संस्कृतात बर्बर आहेच.

यातल्या गद्गदचं नशीब सगळ्यात चांगलं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गद्गद हा चक्क वाताचा विकार आहे, मूक आणि मिन्मिण यांच्या पंगतीला बसलेला. कफासह वायू शब्द वाहून नेणाऱ्या धमन्या अडवतो, असं कारणही दिलंय. गीतेच्या ११व्या अध्यायात विश्वरूप बघून घाबरलेला अर्जुन सगद्गद बोलतो. नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भावांत स्वरभंगाला जागा दिली. पुढे भक्तीच्या परंपरेत कंठ सद्गदित होणं म्हणजे देव जवळ आल्याची खूणच झाली. आज सत्कारमूर्ती शाल-श्रीफळ घेताना सद्गदित होतात, आणि हे मूळचं दुखणं होतं हे कुणाच्या मनातही येत नाही.

ततपप मात्र उलट्या दिशेला गेला. चोरी पकडली गेली की ततपप होतं. बोबडी वळते ती भीतीने. चाचरतो तो ज्याला खात्री नाही. म्हणजे शब्दांनी आवाज तर टिपलाच, वर कारणही परस्पर ठरवून टाकलं!

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत मला प्रश्न आला, दोन प्रोसेस एकमेकींसाठी अडून राहतात त्याला काय म्हणतात? उत्तर डेडलॉक. 'ड'वर मी अडकलो. परीक्षक म्हणाले, "ततपप करू नका, येत नसेल तर येत नाही म्हणा." मी "येत नाही" म्हणालो. 'य'ला माझं अडत नाही.

साधारण ५ टक्के मुलं कधी ना कधी तोतरी बोलतात, त्यातली बरीचशी आपोआप सुधारतात, मोठेपणी सुमारे १ टक्का उरतात. बायकांपेक्षा पुरुष जास्त. आनुवंशिकतेचा भाग आहे, मेंदूत उच्चाराची वेळ जुळवण्याचा भाग आहे. भीतीने ते वाढतं, पण भीतीमुळे सुरू होत नाही, आणि खोटेपणाशी तर काहीच संबंध नाही. २२ ऑक्टोबर हा तोतरेपणाविषयीच्या जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो, १९९८ पासून. असो.

त वरून ताकभात ओळखणारा माणूस हुशार, असं आपण म्हणतो. तोतऱ्याला विचारा! दिवसभर लोक आमचे ताकभात ओळखत असतात, आणि निम्म्या वेळा चुकतात. माझी आजी ओळखायची, पण ताट वाढायची ते माझं वाक्य पुरं झाल्यावरच.

तिच्याकडे जायला बसमध्ये "ठाकूरद्वार" म्हणावं लागायचं. त्या 'ठ'ने मला किती रुपयांना बुडवलंय! "गिरगाव" म्हणावं तर 'ग', "चर्नी रोड"चा 'च'. मग सरळ "लास्ट स्टॉप" म्हणून शेवटपर्यंतचं तिकीट काढायचो आणि मध्येच उतरायचो. २०२५ च्या ऑक्टोबरपासून मेट्रो ३ चं गिरगाव स्टेशन सुरू झालंय, तिथे तोंड उघडावंच लागत नाही.

परवा तरी मुद्दाम बस पकडली. तीन वेळा 'ठ' झाला. मागच्या काकांनी मदत केली, "ठाणे का रे?"

"नाही काका, ठाकूरद्वार."