गृहपरीक्षण : सातारा व सांगली

खरेदी करावयाच्या घराची, व्यवहार पुरा होण्यापूर्वी, जाणकार व त्रयस्थ व्यक्तीकडून करवून घेतलेली पद्धतशीर पाहणी व तिचा लेखी अहवाल यांस गृहपरीक्षण म्हणतात. घराची किंमत ठरविणे (मूल्यांकन) आणि मालकीहक्काच्या कागदपत्रांची छाननी करणे ही कामे यापासून भिन्न होत. घराचा पाया, भिंती, छप्पर, पाण्याचा निचरा व विजेची जोडणी ही प्रत्यक्षात कोणत्या स्थितीत आहेत, हे सांगणे एवढेच गृहपरीक्षणाचे प्रयोजन असते. दोष विकणाऱ्यास ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो; ही विषमता कमी करण्याचा तो एक उपाय आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांत भूकंप, महापूर आणि काळी माती यांमुळे या उपायाचे महत्त्व विशेष आहे.

पूर्वपरंपरा : बांधकामापूर्वी जागा पारखण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) भूमिपरीक्षेची रीत दिली आहे. हातभर खोल खड्डा खणून त्याच मातीने तो पुन्हा भरावा. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर झाली तर मध्यम व कमी पडली तर निकृष्ट समजावी, असे तीत सांगितले आहे. जमिनीचा घट्टपणा अजमावण्याची ही एक साधी कसोटी होय. बांधून झालेल्या घराची परीक्षा मात्र बहुधा परिचयावर अवलंबून असे. घर कोणत्या गवंड्याने बांधले, लाकूड कोणत्या जातीचे वापरले, विहिरीला पाणी केव्हा आटते, हे गावात सर्वांस माहीत असे. घर विकत घेणारा परक्या गावचा असू लागला आणि बांधणारा अनोळखी झाला, तेव्हा परिचयाची ही जागा तज्ञाच्या पाहणीने घेणे क्रमप्राप्त झाले.

स्थानिक घरबांधणी : या दोन जिल्ह्यांत घरांचे प्रकार पर्जन्यमानानुसार बदलत जातात. महाबळेश्वर, जावळी व पाटण या अतिवृष्टीच्या डोंगराळ भागांत उतरती कौलारू छपरे आणि जांभा किंवा काळा पाषाण यांच्या भिंती आढळतात. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या भागांत जाड भिंतींची व सपाट माळवदाची घरे पूर्वापार रूढ होती. वाईसारख्या गावांतील जुने वाडे दगडी जोते, लाकडी खांब-तुळया व विटामातीच्या भिंती असे बांधलेले आहेत. कृष्णाकाठी काळ्या मातीचा थर खोल असतो. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. पाया या मातीच्या हालचालीपासून सुरक्षित नसल्यास खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. मे महिन्यात रुंद दिसणारी भेग ऑगस्टमध्ये मिटलेली असू शकते. उलटपक्षी महाबळेश्वरकडील जी भिंत एप्रिलमध्ये कोरडी दिसते, ती जुलैमध्ये ओलीचिंब असू शकते. म्हणून पाहणी कोणत्या ऋतूत केली, याची नोंद अहवालात असणे अगत्याचे ठरते.

कोयना भूकंप : ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरात तीव्र भूकंप झाला. त्याची महत्ता सु. ६·३ इतकी होती. सु. १८० माणसे मृत्यू पावली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरातील बहुसंख्य घरे कोसळली किंवा मोडकळीस आली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असा तोपर्यंत समज होता. भूकंपरोधी अभिकल्पाविषयीच्या १९६२ च्या पहिल्या भारतीय मानकात या परिसराची गणना धोका जवळजवळ नसलेल्या विभागात केली होती. १९७० च्या सुधारणेत तो चौथ्या विभागात घालण्यात आला. अर्थात, १९६७ पूर्वी ‘सुरक्षित’ म्हणून घेतलेले घर काही वर्षांतच नकाशावर धोक्याच्या पट्ट्यात आले. घर तेच राहिले. त्याविषयीचे ज्ञान बदलले.

अनघड दगडांच्या, मातीत किंवा हलक्या चुन्यात बांधलेल्या भिंतींचा कमकुवतपणा या भूकंपात उघड झाला. अशा भिंतीची आतील व बाहेरील पाने आरपार जाणाऱ्या लांब दगडांनी बांधलेली नसली, तर हादऱ्याने ती एकमेकांपासून सुटतात व जड छप्पर खाली येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हाच दोष हजारो माणसांच्या मृत्यूस कारणीभूत झाला. त्याच वर्षी अशा घरांचे बळकटीकरण व दुरुस्ती यांविषयीची भारतीय मानके प्रसिद्ध झाली. म्हणून कोयना खोऱ्यातील दगडी घर पाहताना भिंतीची केवळ जाडी न पाहता दोन पानांचा सांधा, कोपऱ्यांची गुंफण आणि दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना वेढणारा सलोह पट्टा आहे किंवा नाही, हे पाहावे लागते. डोंगरउतारावरील घरांबाबत उताराची पाहणीही आवश्यक असते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून जी प्राणहानी झाली, तिचे कारण घरांच्या भिंतींत नव्हते, तर वरच्या डोंगरात होते.

कृष्णेचे महापूर : सांगली येथे कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. तेथे ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले, तर ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. जुन्या गावभागापासून नव्या वसाहतींपर्यंत अनेक घरे पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ उरते. तीच त्या घराची खरी पूररेषा होय. रंगरंगोटीने ती झाकली जाते, परंतु भिंतीत मुरलेले पाणी क्षार वर आणते, लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे निघतात आणि काँक्रीटमधील सळया गंजू लागतात. नव्या रंगाचा थर जमिनीपासून ठराविक उंचीपर्यंतच असेल, तर परीक्षक त्याचे कारण विचारतो. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी रेषा (सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल रेषा (सरासरी १०० वर्षांतून एकदा येणारा पूर) आखतो. घर या रेषांच्या कोणत्या बाजूस आहे, हे खरेदीपूर्वी नकाशावर पाहणे घरातील कोणत्याही भेगेपेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

पाहणीची रीत व मर्यादा : परीक्षक छपरापासून जोत्यापर्यंत क्रमाने पाहणी करतो. कौलांखालील वासे व तुळया यांना वाळवी लागली आहे काय, गच्चीचा उतार पन्हळीकडे आहे काय, न्हाणीघराखालील छताला ओल आहे काय, विजेच्या जोडणीस भूयोजन आहे काय, सांडपाणी पायाशी मुरते काय, हे तो तपासतो. आवश्यकतेनुसार ओलमापक, काँक्रीटच्या पृष्ठाची कठीणता अजमावणारा प्रतिक्षेप हातोडा व श्राव्यातीत स्पंद-वेग उपकरण वापरतात. अहवालात तातडीचे, लवकर दुरुस्त करण्याचे व केवळ लक्ष ठेवण्याचे असे दोष वेगळे दाखविणे इष्ट असते. जे भाग पाहता आले नाहीत, त्यांचीही यादी प्रामाणिक अहवालात असते. भिंत फोडून किंवा पाया उघडा करून पाहणी सहसा करीत नाहीत; म्हणून गृहपरीक्षण ही हमी नव्हे. ‘घर चांगले आहे’ एवढाच शेरा देणारा अहवाल निरुपयोगी होय. परीक्षकाचे विकणारा, दलाल किंवा दुरुस्तीचा कंत्राटदार यांच्याशी आर्थिक हितसंबंध नसावेत, हे तत्त्व सर्वत्र मान्य आहे.

कायदा व व्यवसाय : मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्यास ठाऊक असलेला व घेणाऱ्यास साधारण दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड करणे बंधनकारक आहे. याचाच दुसरा अर्थ असा की, साधारण दक्षतेने कळू शकणाऱ्या दोषाची जबाबदारी घेणाऱ्याकडे येते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ प्रमाणे नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील वा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो विनामूल्य दूर करावयाचा असतो. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या घरास या तरतुदीचा आधार सहसा मिळत नाही. तेथे परीक्षणाची गरज अधिक असते.

अमेरिकेत गृहपरीक्षकांची राष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली व पुढे अनेक राज्यांनी या व्यवसायास परवाना लागू केला. भारतात हे काम प्रामुख्याने स्थापत्य अभियंते व वास्तुविशारद करतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्रात संरचना-तपासणीची तरतूद आदर्श उपविधींत आहे. सातारा-सांगलीकडील स्वतंत्र घरे व जुने वाडे तिच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे खरेदीदाराची स्वतःची दक्षता, तज्ञाची पाहणी आणि शेजाऱ्यांना विचारलेला एक प्रश्न, पाणी कुठपर्यंत आले होते, हीच मुख्य साधने होत.