परत सुरू कर म्हणजे नक्की काय कर?

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास उशिरा जेवायला बसलो होतो, आणि टीममधल्या नवीन मुलाचा फोन आला. ग्राहकांना बिलाचे मेल पाठवणारी बॅच मध्येच अडकली होती. "काय करू?" "अरे, परत सुरू कर की," म्हटलं आणि आमटीकडे वळलो. त्याने खरंच परत सुरू केली. पहिल्यापासून! सकाळी हजारो लोकांच्या इनबॉक्समध्ये एकच बिल दोनदा.

पोराची चूक नव्हती हो. माझ्या मनात 'रिझ्यूम' होतं, त्याने 'रीस्टार्ट' ऐकलं, आणि मराठीत दोन्हीला आपण 'परत सुरू करणं'च म्हणतो. यथेच्छ शिव्या खाऊन झाल्यावर त्या विकांताला इंग्रजीतल्या या 'पुन्हा'वाल्या क्रियापदांच्या मागे लागलो.

रिझ्यूमचं मूळ लॅटिन. अर्थ, पुन्हा हातात घेणं. बाजूला ठेवलेलं विणकाम उचललं की आधीचे टाके सुईवर तसेच असतात, तसं. (अप्रेझल मनासारखं झालं नाही की आपण जो घाईघाईने अपडेट करतो तो 'रेझ्युमे'ही फ्रेंचमार्गे त्याच मुळातून आलाय.)

रीबूटची कुळकथा मात्र भन्नाट आहे. उंच बुटांना ओढून चढवायला वर एक पट्टी असते, ती बूटस्ट्रॅप. १८३४ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका माणसाने कायम चालणारं यंत्र शोधल्याचा दावा केला. तेव्हा एका वर्तमानपत्राने त्याची टर उडवली, की हा बहुतेक स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला नदीपलीकडे नेत असणार! म्हणजे मुळात ही अशक्य गोष्टीची थट्टा. 'स्वतःच्या हिमतीवर वर येणं' हा कौतुकाचा अर्थ नंतर चिकटला.

सुरुवातीच्या संगणकवाल्यांना ही थट्टा तंतोतंत लागू पडली. प्रोग्रॅम वाचायला यंत्रात आधी प्रोग्रॅम हवा, मग पहिला कोण वाचणार? १९५२ च्या आयबीएम ७०१ वर त्यासाठी 'लोड' नावाचं बटण होतं. ते दाबलं की मोजक्या सूचना आत यायच्या आणि त्या बाकीच्यांना ओढून घ्यायच्या. १९७५ मध्ये बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअर संगणकासाठी बेसिक लिहिलं. ते दाखवायला ॲलन विमानाने अल्बुकर्कीला निघाला आणि वाटेत त्याच्या लक्षात आलं, की कागदी फितीवरून बेसिक आत घेणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचाच राहिलाय. पठ्ठ्याने तो विमानातच कागदावर लिहिला आणि तिथे पोचल्यावर अल्टेअरचे खटके एकेक करून खालीवर करत आत घातला. चालला! (आपण डेमोच्या आदल्या रात्री जागतो, त्याचं काही कौतुक नाही मग.)

पण रीबूट झालेल्या यंत्राला मेमरीतलं कालचं काही आठवत नसतं. माणसासाठी ते क्रियापद चालत नाही. तिथे येतं 'रिससिटेट', म्हणजे हलवून जागं करणं. १७७४ साली विल्यम हॉस आणि थॉमस कोगन या डॉक्टरांनी लंडनमध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था काढली, ती पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी झाली. वाचवायचा प्रयत्न करणाऱ्याला ती बक्षीस द्यायची. उपाय काय, तर तोंडाने श्वास देणं, अंग शेकणं आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणं. खोटं वाटेल, पण भात्यासकट त्याची पेटी मिळायची.

१७९५ मध्ये थेम्सच्या पाण्यातून एका बाईला बेशुद्ध बाहेर काढून असंच शुद्धीवर आणलं गेलं. ती मेरी वोल्स्टनक्राफ्ट. स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ साली पुस्तक लिहिणारी. प्रियकराने टाकल्यामुळे तिने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. मला परत का आणलंत, अशी तक्रार तिने नंतर पत्रात केलीय. बरोबरच आहे... ती रीबूट थोडीच झाली होती? जिथे थांबली तिथूनच पुढे, तेच दुःख घेऊन. पुढे तिला पुन्हा प्रेम मिळालं, लग्न झालं, आणि १७९७ मध्ये मुलीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

ती मुलगी म्हणजे मेरी शेली. तिने १८१८ साली प्रसिद्ध केलेल्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला जीव मेलेल्यांच्या अवयवांतून उभा राहतो, पण त्या मेलेल्यांचं एकही अक्षर त्याला आठवत नाही. विस्तव भाजतो इथपासून त्याला शिकावं लागतं. आईला परत आणलं होतं तिच्या सगळ्या आठवणींसकट, मुलीने लिहिला तो पाटी कोरी असलेला. हे वाचल्यावर बराच वेळ मॉनिटरकडे बघत नुसता बसलो होतो.

असो. सोमवारी ऑफिसात गेल्यावर आमच्या सूचनांच्या फाइलमध्ये 'परत सुरू करा' खोडून दोन ओळी लिहिल्या. 'जिथे थांबली तिथून' आणि 'पहिल्यापासून'. मराठीत शब्द होतेच की. माझ्याच तोंडात घास होता.