साचा आणि हात



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाआड झाले. त्यामुळे इतिहासाचे एखादे पान गंजलेल्या पत्र्यावरही वाचण्याची आम्हांस सवय लागली. असेच एक पान आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

१९५६ साली सुएझ कालव्याचा पेच उद्भवला आणि इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली. थोड्या तेलात चालणारी लहान मोटार हवी, असे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी ठरविले आणि ते काम अ‍ॅलेक इसिगोनिस यांजकडे सोपविले. २६ ऑगस्ट १९५९ रोजी 'मिनी' लोकांपुढे आली. चाके अवघी दहा इंची, इंजिन आडवे, आणि पोलादी स्प्रिंगांच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी योजिलेले रबरी शंकू.

आरंभीच्या नमुन्यांत चाकांची ही सर्व जोडणी थेट बॉडीला केली होती. खडबडीत रस्त्यांवर चाचणी घेता पत्र्याला तडे गेले. तेव्हा पुढे एक व मागे एक अशा पत्र्याच्या दोन चौकटी बसविण्यात आल्या. यांनाच सबफ्रेम म्हणतात. मागच्या चौकटीत रबरी शंकू आडवा असतो. चाक उसळले की तरफेने तो दाबला जातो, आणि तरफेमुळे त्यावरील जोर चाकाच्या भाराहून कितीतरी वाढतो. पत्रा काही फार जाड नसतो. त्याचे बळ त्याच्या घड्यांत असते.

पण ज्या घडीत बळ, त्याच घडीत मरण. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. खारट चिखल घडीत साचून मागची चौकट आतून सडते. १९६० पासून तेथे जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. चौकट सडली की गाडी नापास. शिवाय रचनाही बदलत गेली. १९६४ साली शंकूंऐवजी रबर व द्रव यांची नवी योजना आली, काही वर्षांनी पुन्हा शंकू आले, १९७६ साली पुढची चौकट रबरी बैठकांवर बसली. प्रत्येक फेरफारासरशी आधीचा भाग मागे पडला. अखेर ४ ऑक्टोबर २००० रोजी, त्रेपन्न लाखांहून अधिक गाड्या झाल्यावर, जुन्या मिनीचे उत्पादनच थांबले.

प्रेसचा साचा महाग असतो. लाखो नग निघाले तरच त्याचा खर्च वसूल होतो. लाखांचे दहा-वीस झाले की साच्याचे अर्थशास्त्र संपते. काही ठिकाणी शहाणपण सुचले. १९७५ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने, १९८० साली बंद पडलेल्या एमजीबी गाडीच्या बॉडी १९८८ साली मूळ साच्यांवर पुन्हा काढून दाखविल्या. मिनीच्या सबफ्रेमही तिने पुरविल्या. पण जेथे साचा उरला नाही तेथे काम पुन्हा हाताकडे येते.

ते काम कसे होते? सडका भाग कापण्यापूर्वी आडवे दांडे जोडून चौकट जखडतात, म्हणजे मापे हलत नाहीत. बोल्टांच्या व आर्म फिरण्याच्या जागा हेरून जाड पोलादी पाटावर खुंट्या ठोकतात, हीच जिग. मग पुठ्ठ्याचा नमुना, त्यावरून पत्रा. वाकविताना पत्र्याचा बाहेरचा पदर ताणतो व आतला दबतो. हा हिशेब चुकला की भोके जुळत नाहीत. एका अंगाने सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने चौकट पिळते; म्हणून आधी टाके, मग आलटूनपालटून सांधे. दोन-तीन मिलिमीटरांची चूक झाली की चाक तिरपे बसते आणि टायर एका बाजूने झिजतो. जिगेपुढे वशिला चालत नाही.

१९६९ साली इसिगोनिस 'सर' झाले, ते उचितच झाले. परंतु मोटारींचा पत्रा दाबणाऱ्यांचाही इतिहास आहे. ऑक्सफर्डजवळ काऊली येथे प्रेस्ड स्टील कंपनीच्या कामगारांनी जुलै १९३४ मध्ये संप करून आपल्या संघटनेला मान्यता मिळविली. त्यांना मान्यता मिळाली. त्यांच्या कसबाला कोणत्या कागदावर मिळाली?

हा प्रश्न आम्ही परक्यांना विचारीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडील एक कारखाना बंद झाला. वाटाघाटींत आम्हीही होतो. थकबाकी मिळविली, ग्रॅच्युइटी मिळविली, भरपाई वाढवून घेतली आणि गुलाल उधळला. आठवड्याने फाटकातून भंगाराचा ट्रक निघाला. त्यात तीस वर्षांच्या जिगा होत्या. एक म्हातारा फिटर आम्हांस म्हणाला, "भाऊ, पैशांचं लिहून घेतलंत, चांगलं केलंत. पण यांचं कोणी काहीच लिहिलं नाही." आम्हांस उत्तर सुचले नाही.

तात्पर्य, कारखाना बंद होतो तेव्हा यंत्रांबरोबर मापेही विकली जातात, आणि मापे जाणणारे हात घरी बसतात. भरपाईसाठी लढणे हे संघटनेचे कर्तव्यच आहे. त्याबरोबर करारात एक कलम असावे, असे आता आम्हांस वाटते : जिगा आणि नकाशे मोडीत काढण्यापूर्वी जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला द्यावेत, आणि ते समजावून देण्याकरिता जुन्या कामगाराला मानधनावर बोलवावे. त्या फिटरला द्यायला एवढेच उत्तर आम्हांजवळ आहे, आणि तेही उशिरा सुचलेले.