दुय्यमची रात्र: खडीगंमत, चाहते आणि झाडीबोली

गायकावरील भक्ती आणि समूहाची अस्मिता यांचे नाते ध्वनिफितीच्या व दूरचित्रवाणीच्या युगात जन्मले, असे लोकप्रिय संस्कृतीच्या चर्चेत बहुधा गृहीत धरले जाते. भंडारा जिल्ह्यातील खडीगंमतीचा इतिहास या गृहीताला छेद देतो.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्री खडीगंमत उभी राहते. 'उभी राहते' हे येथे शब्दशः खरे आहे. शाहीर व त्याचे साथीदार उभ्यानेच गातात. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि लुगडे नेसलेला नाच्या एवढ्या सामग्रीवर रात्र सरते. परंतु या प्रयोगरूपाचा गाभा 'दुय्यम'मध्ये आहे. दोन शाहिरांचे संच समोरासमोर येतात, आणि कलगी-तुऱ्याच्या जुन्या परंपरेतील सवाल-जबाब पहाटेपर्यंत चालतात. श्रोता येथे तटस्थ राहूच शकत नाही. तो कोणत्या तरी शाहिराचा असतो. त्याने दिलेले बक्षीस नावासह पुकारले जाते आणि तेवढ्या क्षणापुरता तोही प्रयोगाच्या संहितेत प्रवेश करतो. चाहता ही भूमिका येथे यंत्रयुगाच्या कितीतरी आधी सिद्ध झालेली दिसते.

कझाक संस्कृतीशी केलेली तुलना येथे उद्बोधक ठरते. दोन आशुकवींनी दोंब्रा हाती घेऊन परस्परांना काव्यातून आव्हान देण्याची 'आयतिस' ही तेथील स्पर्धा 2015मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. त्याच वर्षी 'नाइन्टी वन' हा तरुण गायकांचा संच कोरियन धर्तीवर अवतरला. त्याच्या नावात 1991 हे स्वातंत्र्याचे वर्ष आहे. रूप परके, पण गाणी कझाक भाषेतील. शहरी तरुणांत रशियनचे वजन मोठे असताना ही निवड निव्वळ व्यापारी म्हणता येत नाही. या गायकांच्या कर्णभूषणांवर व रंगवलेल्या केसांवर आक्षेप घेऊन 2016मध्ये त्यांच्या कार्यक्रमांना विरोध झाला, कारण त्यांचे रूप कझाक पुरुषत्वाला न शोभणारे मानले गेले. (नाच्याच्या लुगड्याला सरावलेल्या झाडीच्या प्रेक्षकाला हा वाद कदाचित नवलाचा वाटला असता.)

म्हणजे तेथे परक्या रूपातून स्वभाषेला प्रतिष्ठा मिळाली. झाडीपट्टीत याच्या उलट घडले काय, हा खरा प्रश्न आहे. वडसा म्हणजे देसाईगंज येथून चालणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीने धानाच्या हंगामानंतरच्या रात्री व्यापल्या, तेव्हा रूप आपलेच राहिले: संगीताचा सोस, रात्रभराचा प्रयोग, शंकरपटाच्या निमित्ताने जमणारा समुदाय. भाषा मात्र दुभंगली. नायक-नायिका बहुधा प्रमाण मराठीत बोलतात, तर झाडीबोली विनोदी पात्रांच्या वाट्याला येते. मुंबईच्या कलावंताचे नाव जाहिरातीत ठळक झळकते. प्रेक्षक त्या नावासाठी तिकीट काढतो आणि विनोदी पात्राच्या बोलीला टाळ्या देतो. त्या टाळ्यांत आपुलकी किती आणि स्वतःच्याच बोलीविषयीचा संकोच किती, हे वेगळे करणे कठीण आहे.

साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास करून तिच्या पृथगात्मतेला शास्त्रीय अधिष्ठान दिले, आणि त्यातून साहित्यिक चळवळही उभी राहिली. मात्र या चळवळीचा वाचक आणि नाटकाच्या मंडपातील प्रेक्षक हे दोन वर्ग पुरते एकत्र आले, असे म्हणता येत नाही. कवितेत बोली गंभीर झाली. रंगमंचावर ती मुख्यतः हसवणारीच राहिली. 1999मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. नकाशावर पडलेली ही रेघ नाटकमंडळ्यांच्या फिरतीला जाणवली नाही. नायकाची आणि विनोदी पात्राची भाषा वेगळी पाडणारी रेघ मात्र दोन्ही जिल्ह्यांतील प्रेक्षक पडदा उघडताच ओळखतो. दुय्यमच्या आखाड्यात ती नव्हती: तेथे सवाल आणि जबाब दोन्ही उभ्याने, एकाच जमिनीवरून दिले जात.