नकाशावरचे जुने नाव

करवीर तालुक्यातल्या वस्त्यांची जुनी नावे जमवण्याचा नाद मला सातबारे आणि गावनकाशे वाचता वाचता लागला. रीतसर शिक्षण काही नाही. ओपनस्ट्रीटमॅप हाती आल्यावर घरबसल्या एकेक वस्ती नोंदवता येऊ लागली. २००४ साली सुरू झालेल्या या नकाशात कोणीही भर घालू शकतो, दुरुस्तीही करू शकतो.

अशा नकाशाचा मोह जुना आहे. चार्ल्स बूथने १८८९ साली लंडनच्या रस्त्यांना रहिवाशांच्या सांपत्तिक स्थितीनुसार रंग दिले. दारिद्र्य कुठे एकवटले आहे, ते एका नजरेत दिसले. पण सर्वांत खालच्या थराला काळा रंग मिळाला आणि त्यासोबत दुर्गुणी, अर्धगुन्हेगार असा शेराही. माहिती दिली होती मुख्यतः शाळा-मंडळाच्या घरोघर फिरणाऱ्या नोकरांनी.

आपल्याकडे रंग लागत नाही, नावच पुरते. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती. मला पाहायचे होते की डांबरी रस्ता आणि नळाची लाइन नेमकी कुठल्या नावापाशी थांबते. त्यासाठी जुनी नावे हवीतच, असे मी धरून चाललो होतो.

२ डिसेंबर २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्तीनावे बदलायचे ठरवले. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे पुढे आली. (ज्या संस्थानात १९०२ साली रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या, तिथेही पाट्या तोवर तशाच होत्या.) माझ्या नकाशात मात्र जुनेच नाव होते.

एका वस्तीत मी तो मोबाइलवर दाखवत होतो. एक बाई म्हणाल्या, "दादा, पाटी बदलाय आमी किती हेलपाटे घातले. आता पोरगं नोकरीला पत्ता देणार, आन् मोबाइलात जुनंच दिसणार व्हय?"

घरी येऊन नाव काढले. पण ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक नोंदीच्या आधीच्या आवृत्त्या टिकून राहतात. मी काय लिहिले होते, ते आजही कोणालाही उघडून पाहता येते.

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीची गोष्ट निराळी. ते नाव शोधतच गिऱ्हाईक गणपतीची मूर्ती न्यायला येते. तिथले कोणी ते पुसू म्हणणार नाही. म्हणजे नियम एकच करून भागत नाही, त्या त्या वस्तीला विचारावे लागते. हे काम खुर्चीत बसून होत नाही, आणि मी तेच टाळत होतो.

दुसरी अडचण अजून सुटलेली नाही. पन्नास वर्षांनी कोणी समतानगर वाचेल आणि रस्ता त्याच्या अलीकडेच का संपला होता, हे त्याला कळणार नाही. म्हणून जुन्या नावांची वही मी जपून ठेवली आहे. नकाशावर सध्या नवे नाव आहे आणि रस्ता संपतो ती जागा. वही कोणाच्या स्वाधीन करायची, हे त्या बाईंना विचारायला दिवाळीनंतर जाणार आहे.